स्नॉर्केलची नळी छोटीच का? मालवणला निघण्याआधी थोडंसं



दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीचा बेत बऱ्याच घरांत ठरतो. सिंधुदुर्ग किल्ला बघून झाला की मुलांचा एकच हट्ट, "पाण्यातले मासे बघायचे!" लाईफ जॅकेट आहे म्हटल्यावर आपणही निर्धास्त होतो. जॅकेट तरंगत ठेवतं हे खरं, पण श्वास कसा घ्यायचा ते शिकवत नाही.

मागे एका सहलीत आमच्या आठवीतल्या एका मुलाने छातीभर पाण्यात मास्क ओरबाडून काढला आणि दोन घोट खारं पाणी गिळलं. पोहता येत होतं त्याला! झालं इतकंच, की त्याने सवयीने नाकाने श्वास ओढला. या मास्कमध्ये नाकही झाकलेलं असतं. हवा आली नाही, मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटला आणि पोरगं घाबरलं.

स्नॉर्केलिंग म्हणजे पाण्यावर पालथं तरंगत, तोंडातल्या नळीने वरची हवा घेत खाली बघणं. पाठीवर सिलिंडर घेऊन खोल जातात ते स्कुबा. दोन्हींत गल्लत करू नये.

वर्गात हे सांगितलं की प्रश्न हमखास येतो, "सर, नळी दोन मीटरची केली तर?" प्रश्न झकास आहे, फळ्यावर गणितच मांडा. नळीचा व्यास 2 सेंमी, लांबी 40 सेंमी धरा. आत साधारण 125 मिली हवा मावते. लांबी 2 मीटर केली तर 628 मिली. मोठा माणूस शांतपणे एका श्वासात घेतो सुमारे 500 मिली. म्हणजे सोडलेली हवा नळीबाहेर जातच नाही, तीच पुन्हा आत! मुलांचा श्वास तर आणखी लहान, म्हणून त्यांना मोठ्यांची नळी देऊ नका.

दुसरी अडचण दाबाची. 1 मीटर खोलीवर पाणी दर चौरस सेंमीवर सुमारे 100 ग्रॅम इतका जादा भार टाकतं. छातीचा भाग 500 चौ. सेंमी धरला तर 50 किलो झाले. छातीवर सिमेंटची गोणी ठेवून श्वास घ्यायचा! (हत्ती सोंड वर काढून पोहतो तो कसा, असं कुणीतरी विचारेलच. त्याच्या फुफ्फुसांची बांधणी निराळी असते.)

आता सराव. हा घरीच करून घ्या. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास ओढा, हात सोडा. मास्क टिकला तर माप बरोबर. कडेखाली केस अडकू देऊ नका. मग पसरट टबात पाणी घेऊन, मास्क-नळी लावून तोंड बुडवायचं आणि फक्त तोंडाने, सावकाश श्वास घ्यायचा. मोठं माणूस शेजारी हवंच. नळीत पाणी शिरलं तर जोरात "फू" करून उडवायचं, नाहीतर सरळ डोकं वर काढायचं. नाकाची सवय सुटेपर्यंत चार-पाच दिवस जातात, घाई नको.

समुद्रात जोडीशिवाय कुणी उतरू नये. मोठ्या मुलांना एक गोष्ट बजावून सांगा. बुडी मारण्याआधी भराभर दीर्घ श्वास घ्यायचे नाहीत. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यावासा वाटतच नाही आणि ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते. हे चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतही होतं.

पाण्यात मासे खऱ्यापेक्षा मोठे नि जवळ दिसतात, प्रकाशाच्या अपवर्तनामुळे. प्रवाळही जवळ वाटतं, पण त्यावर पाय ठेवायचा नाही. ते जिवंत असतं, शिवाय पाय कापतो. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

आणि बाबालोकांनो, मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी झिरपणारच. तेव्हा मुलांसमोर फुशारकी मारण्याआधी टबात स्वतःही एकदा तोंड घालून बघा.