खोलीचा आवाज

विहिरीत डोकावून हाक मारली की काही सूर जास्त घुमतात, काही विरून जातात. प्रत्येक बंदिस्त जागेचे असे स्वतःचे सूर असतात. लांबी, रुंदी, उंचीवर ते ठरतात. अमेरिकन संगीतकार ॲल्विन ल्यूसिए याने १९६९ मध्ये एवढ्याच गोष्टीवर एक रचना उभी केली: ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’.

कृती अगदी साधी. खोलीत बसून एक परिच्छेद वाचायचा, टेपवर घ्यायचा. ती टेप त्याच खोलीत स्पीकरवर लावायची आणि दुसऱ्या रेकॉर्डरवर पुन्हा टिपायची. मग ती नवी टेप लावायची, पुन्हा टिपायची. दर फेरीत खोली आपले सूर थोडे वाढवते, बाकीचे गिळते. आधी शब्दांच्या कडा झिजतात, मग व्यंजने जातात. शेवटी घंटानादासारखे लांबलचक सूर उरतात. बोलण्याची लय मात्र मागे राहते. ल्यूसिए तोतरा बोलत असे. पहिल्या फेरीत त्याचे अडखळणे स्पष्ट ऐकू येते, आणि पुढे तेच अडखळणे संगीतात मिसळून जाते. मला ही रचना प्रयोगापेक्षा आत्मकथन वाटते ती यामुळेच.

त्याची तेव्हाची पत्नी, दृश्यकलाकार मेरी ल्यूसिए हिने हीच युक्ती पोलरॉइड छायाचित्रांवर केली: छायाचित्राचे छायाचित्र, त्याचे पुन्हा छायाचित्र.

ल्यूसिएच्या रचनेची १९८१ मध्ये निघालेली ध्वनिमुद्रिका सुमारे ४५ मिनिटांची आहे. मधून सुरू करू नका. पहिल्या शब्दापासून ऐका.