हरणासाठी हलकं काडतूस: ऊर्जा, वजन आणि नळीतला पीळ

अमेरिकेत शरद ऋतू आला की परवाना काढलेले लाखो शिकारी रानात उतरतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार बंद झाली. तिकडे मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आवाक्यात ठेवण्यासाठी राज्यांची वन्यजीव खाती शिकारीवरच भिस्त ठेवतात. म्हणून तिथे काडतुसाची निवड ही आधी जनावराच्या यातनांची बाब आहे. चुकीची गोळी लागलेलं हरीण जखमी होऊन झाडीत निघून जातं आणि तासन्‌तास तडफडतं.

काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी कवच, त्याच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की सुई प्रायमरवर आदळते, दारू पेटते आणि वायूचा दाब गोळीला नळीतून पुढे रेटतो. तोच दाब बंदूक मागे, खांद्यावर ढकलतो. ‘हलकं’ काडतूस म्हणजे ज्याची गोळी हलकी आणि धक्का कमी. .२४३ विंचेस्टरचा धक्का जुन्या .३०-०६ च्या जेमतेम निम्मा असतो. धक्क्याच्या भीतीनं माणूस चाप ओढतानाच अंग आकसतो आणि नेम हलतो, म्हणून हा फरक मोठा आहे.

हरणाच्या पुढच्या पायामागे साधारण वीतभर रुंदीच्या भागात हृदय आणि फुप्फुसं असतात. तिथे शिरलेल्या गोळीचं टोक फुलतं, ती दोन्ही फुप्फुसं फाडत जाते, रक्तदाब कोसळतो आणि जनावर काही सेकंदांत पडतं. त्यासाठी गोळी पुरेशी फुलायला हवी आणि पुरेशी खोलही जायला हवी. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, आणि गोळी जितकी हलकी तितकी ही ओढाताण जास्त.

आता आकडे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. .२४३ ची १०० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगानं निघते, ऊर्जा २६०० जूलच्या थोडी वर. .३०-३० हे १८९५ चं काडतूस. त्याची १५० ग्रेनची गोळी सुमारे ७३० मीटर वेगानं निघते आणि ऊर्जा जवळपास तेवढीच भरते. नळीच्या तोंडाशी दोघं बरोबरीत. पण १८० मीटरवर .२४३ कडे साधारण १८०० जूल उरतात, .३०-३० कडे ११५० च्या आसपास. .३०-३० च्या बहुतेक बंदुकांत काडतुसं नळकांड्यात एकामागे एक राहतात, गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकतं. म्हणून टोक बोथट ठेवावं लागतं, आणि बोथट गोळीला हवा लवकर अडवते. नुसता पहिला आकडा बघून काडतूस घेऊ नये, ते यासाठी.

तरी माझ्या मते हलक्या काडतुसांची खरी परीक्षा ऊर्जेत नाही, नळीच्या पिळात आहे. नळीच्या आत मळसूत्री चर असतात. ते गोळीला गरगर फिरवतात आणि फिरणाऱ्या भोवऱ्यासारखी ती तोल सांभाळते. दर १० इंचांना एक फेरा देणाऱ्या नळीतून निघालेली .२४३ ची गोळी मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेते. त्याच व्यासात गोळी जड केली की ती लांब होते आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो.

१९५५ साली हे बाजारात दिसलं. विंचेस्टरनं .३०८ च्या कवचाचं तोंड अरुंद करून .२४३ काढलं, रेमिंग्टननं त्याच वर्षी .२४४. गोळीचा व्यास एकच, उलट .२४४ च्या कवचात दारू थोडी जास्तच मावत होती. पण रेमिंग्टननं लहान जनावरं टिपणारा गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून पीळ १२ इंचांचा, म्हणजे कमी, दिला. विंचेस्टरनं १० इंचांचा देऊन १०० ग्रेनची गोळीही विकायला ठेवली. लोकांना एकाच बंदुकीत दोन्ही कामं हवी होती. .२४४ मधून १०० ग्रेनची टोकदार गोळी सरळ जाईल याची खात्री नव्हती आणि ते मागे पडलं. पुढे रेमिंग्टननं पीळ ९ इंचांवर आणला, १९६३ साली ‘६ मिमी रेमिंग्टन’ असं नवं नावही दिलं, पण तोवर .२४३ घरोघरी पोचलं होतं.

याआधी १९१५ च्या .२५०-३००० सॅव्हेजचंही तेच झालं होतं. जाहिरातीत सेकंदाला ३००० फूट म्हणता यावं म्हणून ८७ ग्रेनची गोळी, आणि तिच्यापुरता १४ इंचांचा पीळ. २००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूरनं मात्र धडा नीट घेतला: सुरुवातीपासून ८ इंचांचा पीळ, त्यामुळे १४० ग्रेनची लांब गोळीही निर्धास्त. हरणासाठी पहिली बंदूक घेणाऱ्यानं आज क्रीडमूरचा विचार आधी करावा, असं मला वाटतं. .२४३ पेक्षा धक्का थोडा जास्त, पण तिरक्या उभ्या जनावरातही गोळी खोल जाते.

.२४३ घ्यायचं तर हरणासाठीचीच गोळी घ्यावी. लहान जनावरांसाठी केलेली ५५-६० ग्रेनची पातळ गोळी खांद्याच्या हाडावर फुटून वरवरची, भयानक जखम करते. कोलोरॅडोत हरणासाठी .२४ इंचांहून लहान व्यास चालत नाही आणि गोळी किमान ७० ग्रेनची लागते, ते याच काळजीपोटी.

कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि जुन्या नळीचा पीळ तिला कमी पडू शकतो. आपल्या बंदुकीचा पीळ घरीच मोजता येतो. आधी बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी. मग फिरत्या मुठीच्या साफ करायच्या गजाला घट्ट कापड गुंडाळून तो नळीत घालावा, गजावर नळीच्या तोंडाशी वरच्या बाजूला खूण करावी आणि तो हळूहळू बाहेर ओढावा. खूण एक पूर्ण फेरा फिरून पुन्हा वर आली की गज जितके इंच बाहेर आला, तितक्या इंचांचा पीळ.