ग्रीक अक्षरांच्या खुणा आणि संगणक

प्राचीन ग्रीक भाषेंत 'ओरोस' म्हणजे पर्वत आणि 'होरोस' म्हणजे सीमा. ग्रीक लिपींत हे दोन्ही शब्द त्याच चार अक्षरांनीं लिहिले जातात. भेद असतो तो पहिल्या अक्षरावरील एका इवल्याशा खुणेचा. ती एका बाजूस वळली तर पर्वत, दुसऱ्या बाजूस वळली तर सीमा. अशा खुणा संगणकांत कशा सांठविल्या जातात व तेथें कोणता घोटाळा होतो, हें आज सांगावयाचें आहे.

ह्यांतील आघात व श्वासचिन्हें योजण्याचें श्रेय परंपरेनें अलेक्झांड्रिया येथील ग्रंथपाल, बायझांटियमचा आरिस्टोफेनीस, यास देतात. काळ इसवी सनापूर्वीं २०० च्या सुमाराचा. स्वराचा चढउतार दाखविणारे तीन आघात, शब्दारंभीं हकार आहे कीं नाहीं हें सांगणारीं दोन श्वासचिन्हें आणि कांहीं दीर्घ स्वरांखालीं लिहावयाचा बारीक आयोटा, हीं ह्या खुणांतील मुख्य होत. एकाच आल्फावर श्वास, आघात आणि आयोटा अशीं तिन्ही एकत्र येऊं शकतात. १९८२ सालीं ग्रीस सरकारनें नित्याच्या लेखनांत एकच आघात ठेवून बाकीचा पसारा काढून टाकला. परंतु होमर किंवा प्लेटो मुळांतून वाचणारास जुन्या खुणांवांचून गत्यंतर नाहीं.

आतां संगणकाकडे वळूं. संगणक अक्षर ओळखीत नाहीं. तो आंकडा ओळखतो. १९७२ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेंत प्राचीन ग्रीक वाङ्मय यंत्रांत भरण्याचा प्रकल्प स्थापन झाला. त्या काळच्या यंत्रांस रोमन अक्षरांपलीकडे फारसें ठाऊक नव्हतें. म्हणून डेव्हिड पॅकर्ड यांनीं 'बीटा कोड' नांवाची युक्ति काढिली: रोमन अक्षरापुढें कंस लिहिला म्हणजे श्वासचिन्ह समजावयाचें, तिरकी रेघ लिहिली म्हणजे आघात.

पुढें जगांतील सर्व लिपींसाठीं 'युनिकोड' ही एकच क्रमवारी निघाली. तिची पहिली आवृत्ति १९९१ ची. तींत आधुनिक ग्रीकचीं आघातयुक्त अक्षरें आलीं. १९९३ सालीं जुन्या खुणांसह तयार अक्षरांचा निराळा गट तिला जोडण्यांत आला. त्यांत २३३ चिन्हें आहेत. येथेंच गोम आहे. आघातयुक्त आल्फास आधुनिक गटांत ९४० हा क्रमांक आहे आणि जुन्या गटांत ८०४९. शिवाय साधा आल्फा, क्रमांक ९४५, व त्यामागून सुटा आघात, क्रमांक ७६९, असें लिहिलें तरी डोळ्यांस अक्षर तेंच दिसतें.

समजा, ग्रंथ एका पद्धतीनें भरला आहे आणि अभ्यासकानें शब्द दुसऱ्या पद्धतीनें विचारला. शब्द पानावर असूनहि यंत्र 'आढळला नाहीं' असें उत्तर देऊं शकतें. अभ्यासकास वाटतें कीं, ग्रंथकारानें हा शब्द वापरलाच नाहीं. आणि त्या समजुतीवर तो आपला सिद्धान्त उभारतो. छापील पुस्तकांतील मुद्रणदोष निदान डोळ्यांस दिसतो. हा दोष दिसतहि नाहीं.

ह्यावर उपाय प्रमाणीकरणाचा. तुलना करण्यापूर्वीं सर्व मजकूर एकाच रूपांत आणावयाचा. युनिकोड हीं तिन्ही लेखनें समान मानतें, आणि त्याचा एक प्रचलित नियम तिन्हींचें रूपांतर ९४० मध्यें करितो. सर्व खुणा गाळून शोध घेणें हा मार्ग सोपा खरा; पण मग पर्वत आणि सीमा एकच होऊन बसतात.

मराठीसहि ही अडचण परकी नाहीं. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. दुसऱ्या शब्दांतील अर्धा र संगणकांत दोन प्रकारें लिहितां येतो: 'ऱ' हें अक्षर हलन्त करून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह योजून. दिसण्यांत भेद नाहीं, आंकड्यांत आहे. आणि वर सांगितलेल्या प्रमाणीकरणानें तो मिटत नाहीं. यासाठीं मराठी ग्रंथ संगणकांत भरणारांनीं आरंभींच एक पद्धति ठरवावी, ती लेखी नोंदून ठेवावी आणि भरलेला मजकूर दोन्ही प्रकारें शोधून पाहावा. एवढी दक्षता घेतली तर पुढील पिढीस हवा तो शब्द हव्या त्या वेळीं सांपडेल.