हवा जाते कुठे?

मोटारीला पेट्रोल लागते हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण तिला त्याहून कितीतरी अधिक हवा लागते, हे पुष्कळदा गाडीचे मालकच विसरतात. एक किलो पेट्रोल नीट जळायचे तर सुमारे साडेचौदा किलो हवा हवी! एंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे खरी अडचण येते ती हवेची. साधे एंजिन मिळेल तेवढी हवा ओढून घेते आणि समाधान मानते. सुपरचार्जर म्हणजे अशा एंजिनाला जोडलेला भाता. तो एंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि हवा कोंबून भरतो.

भाता हा शब्द मी उगाच योजलेला नाही. अमेरिकेतल्या इंडियाना संस्थानातील फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, ते पुढे भट्ट्यांना वारा घालण्याच्या कामी आले. मोटारीच्या वाट्याला ते बऱ्याच काळाने आले. १९२१ साली मर्सिडीजने बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरच्या गाड्या मांडल्या, आणि त्यानंतर शर्यतीच्या मैदानावर या भात्याची शिटी बरीच वर्षे घुमली.

रूट्सच्या पठडीतल्या भात्यात दोन पीळदार लाटा एकमेकींना न शिवता शेजारी शेजारी फिरतात. गंमत अशी, की हा भाता स्वतः हवा दाबतच नाही. तो ती नुसती पुढे ढकलतो. दादरच्या जिन्यावर लोकलमधून उतरलेली माणसे जिन्याला झेपतील त्याहून जास्त झाली की दाटी होते ना, तसेच हे. एंजिन गिळू शकेल त्यापेक्षा जास्त हवा आली की ती तुंबते, आणि त्या तुंबण्यालाच आपण दाब म्हणतो. आता दाटी कमी दिसली, तर अर्थ तीनच. माणसे कमी आली, मधल्या एखाद्या फटीतून निसटली, किंवा जिनाच रुंद झाला. हा तिसरा अर्थ पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. धुराची नळी मोकळी केल्यावर दाब थोडा उतरतो आणि ताकद मात्र वाढते. उलट ती नळी चोंदली, तर काटा छान वर आणि गाडी मात्र मेंगळट!

माझ्या एका पुणेकर स्नेह्यांनी सुपरचार्जरची एक जुनी परदेशी बनावटीची गाडी घेतली. पसरणीच्या घाटात ट्रकला मागे टाकायला निघाले, तर अर्ध्या वाटेवर गाडीचा दम संपला, समोरून एस.टी. येत होती. त्या दिवशी सगळे थोडक्यात बचावले. गॅरेजवाल्याने पाहणी करून निकाल दिला, “साहेब, सुपरचार्जर गेला. नवा टाकावा लागेल.” त्याने सांगितलेला आकडा त्यांच्या कन्येच्या इंजिनिअरिंगच्या एका वर्षाच्या फीएवढा होता. काय काय तपासले, असे मी विचारले तेव्हा कळले, की दाब कमी दिसला एवढाच त्याचा पुरावा!

मी आधी मापकालाच तपासले. एंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली, की मापकाने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात ९५ च्या आसपास. ९५ दिसले, म्हणजे मापक खोटे बोलत नव्हते. मग रोलरवर गाडी चढवून पॅडल पुरते दाबले. अर्ध्या पॅडलवर घेतलेले माप कुचकामी, कारण तेव्हा जादा हवा परत फिरवणारी झडप मुद्दामच उघडी असते.

दाब कमी आहे, यापेक्षा तो कोणत्या वेगाला किती कमी आहे, हे महत्त्वाचे. पट्टा घसरत असेल, तर खालच्या वेगाला सारे ठीक असते आणि वर ओझे वाढले की काटा लुळा पडतो. गाळणी तुंबली असली तरी त्रास वरच्याच वेगाला. परतीची झडप तेलकट काजळीने उघडी अडकली, तर दाब कधीच नीट चढत नाही. नळीला भोक असेल, तर मात्र खालच्या वेगाला तूट मोठी, कारण मुळात हवाच थोडी असते. वेग वाढेल तशी तूट भरून येते. झिजलेल्या भात्याचेही लक्षण जवळजवळ हेच, म्हणून तर गॅरेजवाल्याचे फावते. आमच्या गाडीत दोन हजार फेऱ्यांना दाब अपेक्षेच्या निम्मा होता, तर पाच हजारांना पाऊणपट.

इतक्यात वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, चढाला लागली की माझ्या बाजूनं काहीतरी ‘सूं’ करतं. यांना सांगितलं, तर म्हणतात वारा असेल.”

वाराच होता तो! हवेचे तोंड बंद करून बेताच्या दाबाने हवा सोडली आणि नळ्यांवर साबणाचे पाणी फिरवले. हवा थंड करणाऱ्या जाळीखालच्या रबरी कोपऱ्यावर फेस उसळला. खालच्या अंगाला बोटभर चीर होती. एंजिन नुसते चालू असताना आतल्या ओढीने तिचे ओठ मिटत, म्हणून उभ्या गाडीत काही उमगत नसे. नवा कोपरा आणि दोन पट्ट्या बसवल्या; एका कौटुंबिक जेवणाच्या बिलात काम भागले.

महिन्याभराने त्यांचा महाबळेश्वरहून घाबरा फोन आला. पुण्यात ४७ दाखवणारा काटा तिथे ४३ वर अडला होता. मी म्हटले, “एंजिन बंद करून किल्ली फिरवा आणि आकडा सांगा.” आकडा आला ८६. हा भाता मिळेल त्या हवेची साधारण दीडपट करतो. पुण्यातल्या ९५ वर त्याने ४७ चढवले. तिथे हवाच विरळ, तेव्हा ८६ वर ४३. भाता अगदी खणखणीत होता. घाट उतरून वाईला पोचल्यावर पुन्हा बघा, असे सांगून मी फोन ठेवला.