पहिले पान सोपे असते

कल्याणच्या आमच्या वस्तीत पेटी नवी नाही. जयंतीच्या गायनपार्ट्यांमुळे दर आळीत एखादी असतेच. पियानो मात्र आम्ही लांबूनच पाहिलेला. पुतणी चार वर्षे डोंबिवलीला की-बोर्ड शिकते. ती पियानोच्या परीक्षेला बसायचे म्हणाली, तेव्हा ऑफिस सुटल्यावर आम्हीच धोबी तलावला चालत गेलो आणि बीथोव्हेनच्या 'फ्यूर एलिझ'चे नोटेशन विकत आणले. पहिल्या पानावर स्वर कमी दिसले, धून तर रिंगटोनमुळे सर्वांच्या ओळखीची. सोपी असणार असे आम्हीच ठरवले.

दीड महिन्याने पोरीने की-बोर्डवर कापड टाकले. "काका, हे आपल्याला जमणारं नाही." त्यातला 'आपल्याला' हा शब्द आम्हाला फार लागला.

मग तिच्या क्लासच्या बाईंना भेटलो. त्यांनी पहिले पान बाजूला ठेवून मधली पाने पुढे केली. ही रचना 1810 च्या सुमाराची. बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर 40 वर्षांनी, 1867 मध्ये छापली गेली. सुरुवातीची धून तीनदा येते. तिच्या मध्ये दोन निराळे भाग आहेत, आणि खरी अडचण तिथेच. सुरुवातीला एका मात्रेत दोन स्वर वाजतात, पहिल्या मधल्या भागात चार. म्हणजे सुरुवात ज्या लयीत घ्याल, त्याच्या दुप्पट वेगाने बोटे पळाली पाहिजेत. दुसऱ्या भागात डावा हात एकच खालचा स्वर सारखा ठोकत राहतो आणि मनगट भरून येते. तिथून स्वर उजवीकडे इतके वर चढतात की आमच्या 61 पट्ट्यांच्या की-बोर्डवर पट्ट्याच संपतात! पियानोला 88 असतात. पोरगी त्या जागी अडखळत होती, ती चूक तिच्या बोटांची नव्हतीच.

पेटी वाजवणाऱ्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. पेटीवर डावा हात भात्यावर असतो, स्वर एकटा उजवा काढतो. पियानोत डाव्यालाही तेवढेच काम. म्हणून पालकांनी नोटेशन घेताना खालची ओळ आधी पाहावी, आणि सर्वांत काळे, दाट दिसणारे पान कोणते ते पाहावे. त्या पानावरून अवघडपणा ठरतो. ट्रिनिटी कॉलेज, लंडन किंवा रॉयल स्कूल्सच्या परीक्षांना 8 ग्रेड असतात. मधल्या ग्रेडमध्ये मुले अडकतात ती बहुधा अशाच निवडीमुळे, असे आमचे मत झाले आहे. क्लेमेंटीच्या 1797 च्या सहा सोनाटिना क्रमाक्रमाने अवघड होत जातात. त्यांतली पहिली आधी घेतली असती तर बरे झाले असते.

आता सराव असा चालतो. सगळ्यात अवघड चार ओळी आधी. डावा हात निराळा, उजवा निराळा. मेट्रोनोम 40 वर; तीन वेळा न चुकता आले तरच दोन अंश पुढे. लय त्या दाट भागात जमेल तीच, सुरुवातही त्याच लयीत. खोली एकच, म्हणून रात्री हेडफोन लावून. आम्हाला ऐकू येते ती फक्त पट्ट्यांची टकटक. रविवारी बाई स्वतःच्या पियानोवर अर्धा तास देतात. तिथल्या पट्ट्या जड लागतात, पहिल्या दिवशी तर पोरीची करंगळी दुखली.

फॉर्म अजून भरलेला नाही. मेट्रोनोम 52 वर आला आहे.