फुटाच्या भावानं

ऐंशीच्या दशकातली एक रुपयाची नोट ज्यांनी हाताळली, त्यांनी तेलाची रिग पाहिली आहे. नोटेच्या मागच्या बाजूला समुद्रात उभी असलेली ती लोखंडी चौकट म्हणजे ‘सागर सम्राट’. फेब्रुवारी 1974 मध्ये याच रिगनं मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर तेल शोधलं. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि ‘बॉम्बे हाय’ (आताचं मुंबई हाय) हे नाव शाळेच्या भूगोलात आलं. यवतमाळच्या पोरांसाठी रिग म्हणजे नोटेवरचं चित्र. त्यांच्या अंगणात उभी राहायची ती बोअरची गाडी.

या जिल्ह्यात तेलाचा एक थेंबही नाही. पण भोक पाडण्याच्या कामाचा इथला इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे, आणि त्यातून ड्रिलर घडायला हवे होते. ते का घडले नाहीत हे समजून घ्यायचं तर मागं जाऊन पाहावं लागतं.

आधी दगड. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या ट्रॅपवर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर बसला आहे. काळी माती, मग मुरूम, मग काळा पत्थर. हाच ट्रॅप पश्चिमेला समुद्राखाली जातो आणि मुंबई हायच्या परिसरात पुष्कळ ठिकाणी तेलधारक चुनखडीच्या खालचा तळ बनतो. तेलाचा ड्रिलर त्या लाव्ह्यानंतर साचलेले थर कापत खाली जातो आणि ट्रॅप लागला की बहुधा विहीर संपवतो. आमचा बोअरवाला नेमका तिथून सुरुवात करतो. (गुजरातेत वडोदऱ्याजवळ पादरा इथं ट्रॅपच्या भेगांतूनही तेल निघालं आहे, पण तो अपवाद.)

1972 च्या दुष्काळाआधी या पत्थरात विहीर म्हणजे पहार, सुरुंग आणि माणसांचे महिनोन्‌महिने. दुष्काळानं यंत्र गावोगाव पोचवलं. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा भोकाच्या तळाशी उतरवायची पद्धत जालन्याच्या ख्रिस्ती मिशननं त्याआधीच मराठवाड्यात वापरून दाखवली होती. युनिसेफनं 1967 च्या बिहार दुष्काळापासून तशा रिग भारतात आणल्या. भोक पडलं की पंप हवा. साधे बिडाचे पंप शेकडो माणसांच्या हापसण्यानं महिन्याभरात मोडत. जालन्यात आणि सोलापुरात त्यावर जे सुधारित पंप निघाले, त्यातल्या सोलापूर पंपावरून पुढं इंडिया मार्क टू हापशी तयार झाली आणि ती अर्ध्या जगात गेली. विदर्भात त्या हापशीलाच लोक ‘बोरिंग’ म्हणू लागले.

यंत्राचं काम थोडक्यात असं. कॉम्प्रेसरची हवा पाइपांतून खाली जाते, हॅमरमधला दट्ट्या बिटवर आदळतो, बिटवरची टंगस्टन कार्बाइडची बटणं पत्थर फोडतात आणि तीच हवा भुगा घेऊन वर येते. गाडीवरचा चालक हात लिव्हरवर ठेवून आवाज ऐकतो. ठोका टणक वाजला तर घट्ट पत्थर, बसका वाजला तर भेग. भुग्याचा रंग लाल झाला तर दोन लाव्हा थरांमधली भाजलेली माती, पांढरे ठिपके दिसले तर पोकळ्यांचा दगड. पाणी असलंच तर अशाच सांध्यांत. हे सगळं वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी शिकलेलं, आणि एका ओळीतही कुठं न लिहिलेलं. जागा दाखवायला नारळ घेऊन पाणाडी, गिऱ्हाईक आणायला एजंट, गाडी बहुतेकदा तमिळनाडूच्या तिरुचेंगोडची, मजूर आणखी कुठले तरी. जिल्ह्याच्या वाट्याला आली ती धूळ. ती फुप्फुसात बसते, पण तिचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आणि पैसे फुटाच्या भावानं. माझ्या मते सगळी गोम इथं आहे. फूट जितके जास्त, तितकं बिल मोठं. दोनशे फुटांवर ‘बस, इथं काही नाही’ असं सांगणाऱ्याचं त्या व्यवहारात नुकसानच होतं. शेतकरी ‘अजून पन्नास मारून बघा’ म्हणतो, गाडीवाला मारतो, बोअर फेल जातो आणि कर्ज राहतं. पांढरकवडा, झरी भागात तर पाणी लागूनही पंचाईत झाली. खोल दगडातल्या पाण्यात फ्लोराइड विरघळलेलं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या पुढं ते धोक्याचं. मुलांच्या दातांवर डाग आले, म्हाताऱ्यांची हाडं धरली. कायदा उशिरा आला: महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा 2014 पासून लागू झाला. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणि ड्रिलिंग यंत्रांची नोंदणी आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. त्यापुढं गेलेले बोअर कोणत्याही गावात विचारा.

याच जिल्ह्याच्या पूर्वेला मात्र भोक पाडायची दुसरी शिस्त वाढली. वणी तालुक्यात ट्रॅप विरळ होतो आणि गोंडवानाचे वालुकाश्म वर येतात. त्याखाली वर्धा खोऱ्याचा कोळसा. राजूर, घोन्सा, उकणी, निलजई ही नावं वणीकरांना एसटीच्या थांब्यांसारखी पाठ. 1973 मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, 1975 मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफील्ड्स आली. त्याआधी 1972 मध्ये नागपुरातच खनिज शोधासाठी सरकारी कंपनी, एमईसीएल, उभी राहिली होती. कोळशाच्या शोधात दगडाचा भुगा करून चालत नाही. हिऱ्याचं बिट दगडाचा गोल दांडा कापतं, तो दांडा फुटामीटरानं पेटीत रचला जातो, किती निघाला आणि किती हरवला याची टक्केवारी लिहिली जाते. या कामात चालकाची किंमत वेगावर नाही, दांडा अखंड वर येण्यावर. भोक तेच, पण वणीच्या वहीत ते राहिलं आणि दारव्हा-दिग्रसच्या शेतात हरवलं.

तेल याच्याही पुढं जातं. तिथं भोकात दाब असतो. पाण्याच्या बोअरमध्ये काही लागलं तर आनंद, तेलाच्या विहिरीत अचानक काही लागलं तर आधी भीती. म्हणून पाइपांतून हवा नाही, चिखल फिरवतात. त्याचं वजन मोजून ठरवलेलं असतं, कारण तेच वजन खालचा वायू दाबून धरतं. टाकीतला चिखल आपोआप वाढू लागला, किंवा पंप बंद करूनही विहीर वाहत राहिली, तर वायू आत शिरला असं समजायचं आणि तोंडावरचे झडपांचे संच, बीओपी, बंद करायचे. हा निर्णय ड्रिलरचा. तो वरिष्ठाला फोन लावत बसत नाही. 1982 मध्ये मुंबई हायवर ‘सागर विकास’ रिगवर विहीर उसळली आणि आग लागली. जानेवारी 1995 मध्ये आंध्रातल्या पासरलापुडीची विहीर पेटली ती दोन महिन्यांहून अधिक काळ जळत होती. ज्यानं ते पाहिलं त्याला झडपा बंद करण्याचा सराव कशासाठी हे समजावून सांगावं लागलं नाही.

समुद्रातल्या रिगचं भाडं मुख्यतः दिवसाच्या दरानं ठरतं. म्हणून विहीर अडकली तरी ड्रिलरला थांबून विचार करायला वेळ मिळतो, आणि थांबल्याबद्दल त्याचा पगार कापला जात नाही. तेल खाणकामाच्या कायद्यात येतं, त्यामुळं वणीच्या कोळसा खाणीवर आणि जमिनीवरच्या तेलाच्या रिगवर सुरक्षेचं निरीक्षण करणारं खातं एकच, खाण सुरक्षा महासंचालनालय. शेतातल्या बोअरच्या गाडीवर ते कधी चढत नाही.

आता शिडी. खालून वर ती अशी: रूस्टअबाउट पाइप उचलतो आणि रचतो, रफनेक फ्लोअरवर पाइप जोडतो-सोडतो, डेरिकमन मनोऱ्यावर उभा राहून पाइप सांभाळतो, मग सहायक ड्रिलर, मग ड्रिलर, त्याच्यावर टूलपुशर. सरकारी कंपनीत पदांची नावं वेगळी, रिगमन, टॉपमन, काम तेच. फिटर, डिझेल मेकॅनिक, वेल्डर यातला आयटीआय दाखला खालच्या पायरीला चालतो. पुण्याच्या एमआयटीतून किंवा धनबादहून पेट्रोलियम शिकलेला थेट इंजिनियर म्हणून येतो, पण फ्लोअरवर त्यालाही उभं राहावं लागतं. ड्रिलरच्या खुर्चीसाठी विहीर नियंत्रणाचं प्रमाणपत्र लागतं आणि दर दोन वर्षांनी ते पुन्हा मिळवावं लागतं. डेहराडूनला ओएनजीसीची ड्रिलिंग संस्था आहे, समुद्रातल्या सुरक्षेचं शिक्षण गोव्यात बेतूलला मिळतं. उलट्या पडलेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून पाण्याखाली बाहेर पडायचा सराव त्यातलाच. मग जुहूहून हेलिकॉप्टर, चौदा दिवस रिगवर बारा-बारा तासांची पाळी, चौदा दिवस घरी.

हे ऐकून कोणी उद्याच बॅग भरायला निघाला तर त्याला आधी दुसरी बाजू सांगावी. 27 जुलै 2005 ला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला जहाज धडकलं, वायूची नळी फुटली आणि 22 माणसं गेली. मे 2021 च्या तौक्ते वादळात पी-305 हा बार्ज बुडाला. त्यावरची माणसं बहुतेक कंत्राटी कामगार होती. आणि नोकरीचं पंचांग तेलाच्या भावावर चालतं. 1986, 2014 आणि 2020 मध्ये भाव कोसळला तेव्हा जगभर रिग उभ्या राहिल्या आणि रफनेक आधी घरी गेले. एप्रिल 2020 मध्ये तर अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याच्या खाली गेला. आपल्याकडच्या बोअरवाल्याचं याच्या बरोबर उलट: पाऊस दगा देतो त्या वर्षी त्याची गाडी रात्रंदिवस चालते. आखातातल्या नोकरीचं आमिष दाखवून लाखभर आगाऊ मागणारा एजंट हा तिसराच प्राणी; त्याला भाव पडला काय आणि पाऊस पडला काय, काही फरक पडत नाही.

मुंबई हाय आता म्हातारा झाला आहे. उत्पादनाचं शिखर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस येऊन गेलं. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीनं तिथलं उत्पादन सावरण्यासाठी बीपी या कंपनीला तांत्रिक भागीदार नेमलं. म्हाताऱ्या क्षेत्रातून उरलेलं तेल काढायला जुन्यांच्या मधोमध नव्या विहिरी लागतात आणि जुन्यांची डागडुजीही, म्हणजे ड्रिलर लागणारच. मेहसाणा, अंकलेश्वरकडे जमिनीवरच्या रिग आहेत. समुद्राची भीती वाटत असेल त्यानं तिकडून सुरुवात करावी.

वणी-मारेगावचा एखादा तरुण दहा वर्षं बोअरच्या गाडीवर काढून तेलाच्या कंत्राटदाराकडे जातो, तेव्हा त्याच्याजवळ हॅमरच्या आवाजावरून पत्थर ओळखणारा कान असतो. अनुभवाचा दाखला मात्र नसतो, कारण त्या दहा वर्षांत मजुरी फुटावर मिळाली, नोंद कुठंच झाली नाही. कंत्राटदार त्याला रूस्टअबाउट म्हणून घेतो आणि पाइप रचायला सांगतो.