'अक्रॉस द पॅसिफिक' : दोन मुखवटे, दोन न्याय

हेरकथेचा सारा डोलारा वेषांतरावर उभा असतो. परंतु कोणाचे वेषांतर शौर्य ठरावे आणि कोणाचे कपट, याचा निर्णय कथेबाहेरचा समाज करीत असतो. जॉन ह्यूस्टन यांचा 'अक्रॉस द पॅसिफिक' (१९४२) हा अमेरिकन चित्रपट याचे बोलके उदाहरण होय.

रॉबर्ट कार्सन यांच्या क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कथेवर तो आधारलेला आहे. मूळ योजनेत जपानी कटाचे लक्ष्य पर्ल हार्बर होते. ७ डिसेंबर १९४१ रोजी तेथे खरोखरच हल्ला झाला. तेव्हा पटकथेतील कट पनामा कालव्याकडे हलविण्यात आला. शीर्षक मात्र कायम राहिले. परिणामी, हॅलिफॅक्सहून निघालेले 'जिनोआ मारू' हे जपानी मालवाहू जहाज पॅसिफिकमध्ये कधी शिरतच नाही.

जहाजावरील मोजक्या उतारूंपैकी जवळजवळ प्रत्येकजण काही ना काही लपवीत आहे. सैन्यातून बडतर्फ झालेला रिक लीलँड (हम्फ्री बोगार्ट) वस्तुतः सरकारी हेर आहे. जपानी संस्कृतीचे गोडवे गाणारे प्राध्यापक लोरेन्झ (सिडनी ग्रीनस्ट्रीट) शत्रूचे हस्तक आहेत. जो तोत्सुइको हा अमेरिकेत जन्मलेला, अस्सल अमेरिकन बोलीत थट्टामस्करी करणारा जपानी वंशाचा तरुण. त्याचे हे अमेरिकनपणच अखेरीस मुखवटा ठरते. लीलँडचे ढोंग ही देशसेवा, तर जोची सहज आपुलकी हा विश्वासघात!

पडद्यावरील या संशयाला वास्तवात भीषण जोड होती. चित्रपट सप्टेंबर १९४२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षीच्या १९ फेब्रुवारीला निघालेल्या अध्यक्षीय आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबण्यात आले होते. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. जोची भूमिकाही व्हिक्टर सेन युंग या चिनी वंशाच्या अमेरिकन नटाने केली. ज्यांच्याविषयी कथा सांगितली जात होती, ते तारेच्या कुंपणाआड होते.

पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या एकाही रहिवाशाने हेरगिरी वा घातपात केल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकन काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने १९८३ मध्ये मांडला. १९८८ च्या कायद्याने सरकारने क्षमायाचना केली व हयात पीडितांना प्रत्येकी २०,००० डॉलर भरपाई दिली.

चित्रपटाची पकड आजही ढिली झालेली नाही, आणि अभ्यासकाने सावध राहावे ते नेमके यामुळेच. जोचे हसू पाहताच प्रेक्षकाच्या मनात जो संशय जागतो, त्याची किंमत पडद्याबाहेरच्या निरपराध माणसांनी मोजली होती.